आधी मान धरा, मग उचला

तो मुलगा आमच्याकडे आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. उपोषणाचा मंडप पोलिसांनी उठवायला घेतला, पळापळ झाली, मंडपाच्या तणाव्यात पाय अडकून तो तोंडावर आपटला आणि वरून आणखी दोघं-तिघं पडली. पडल्यावर तो बोलत होता. मान दुखतेय, हातांना मुंग्या येताहेत, असं म्हणाला. तेव्हा पायही हलवल्याचं त्याला आठवतं. मित्रांनी काय केलं? आपण सगळ्यांनी केलं असतं तेच. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले, मोटारसायकलवर दोघांच्या मधे त्याला बसवलं आणि गाडी दामटली. नऊ किलोमीटरचा खडीचा रस्ता. त्याचं डोकं पुढच्याच्या पाठीवर सारखं आपटत होतं. दवाखान्याच्या दारात उतरवलं तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकले, पण टेकल्याचं त्याला कळलं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मणक्याच्या रुग्णांना उठवणं, बसवणं, खुर्चीत घेणं यात माझी वीस वर्षं गेली. त्या मुलाला काखेतून उचलणारा मित्र पुढे कितीतरी महिने रविवारी वॉर्डात यायचा. एकदा जिन्यात गाठून त्याने मला विचारलं, "ताई, मी उचललं नसतं तर?" मी त्याला खोटं सांगितलं नाही. कदाचित पहिल्या आपटण्यातच सगळं झालं असेल, कदाचित थोडं शिल्लक असेल आणि ते वाटेत गेलं असेल. कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय.

आंदोलन कुणाचं, मागणी बरोबर की चूक, यात मी इथे पडणार नाही. मंडप उठवला जातो तेव्हा पडणारं माणूस कुठल्याही बाजूचं असू शकतं. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, तेव्हा आंदोलकांबरोबर पोलीसही जखमी झाले होते. लोक इतके दुखावले की तीनच दिवसांनी तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर माफी मागितली. ते तुम्हाला आठवत असेल.

दिल्लीची गोष्ट मात्र बरेच जण विसरलेत. ४ जून २०११ ला रामलीला मैदानावर बाबा रामदेवांचं उपोषण सुरू झालं. त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, मंडपात हजारो माणसं झोपलेली असताना पोलीस आत शिरले. अश्रुधुराची नळकांडी फुटली, लाठ्या चालल्या, आणि अर्धवट झोपेतली माणसं वाट फुटेल तिकडे धावली. हरियाणातून आलेली एक्कावन्न वर्षांची एक बाई त्या रात्री मणक्याला मार बसून लुळी पडली. लाठी बसली की चेंगराचेंगरीत पडली, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. ती जवळजवळ चार महिने दिल्लीच्या रुग्णालयात होती, श्वासही यंत्रावर. २६ सप्टेंबरला ती गेली.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि २३ फेब्रुवारी २०१२ ला निकाल दिला. झोप हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यात स्पष्ट म्हटलंय. त्या बाईच्या वारसांना ५ लाख, गंभीर जखमींना ५० हजार आणि किरकोळ जखमींना २५ हजार रुपये द्यायला सांगितले. आणि आंदोलन करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं पुढचं वाक्य म्हणजे, या रकमेतला पाव हिस्सा उपोषण भरवणाऱ्या ट्रस्टने द्यावा, असाही आदेश होता. माणसं जमवली की त्यांच्या जिवाची जबाबदारी जमवणाऱ्यावरही येते, असा त्याचा सरळ अर्थ मी घेते.

आता मणक्याकडे येऊ. रुग्णाच्या नातेवाइकांना हे समजावताना मी त्यांचाच हात त्यांच्या मानेवर ठेवायला लावते. तुम्हीही ठेवा. मान खाली घातलीत की मागे, खांद्याच्या पातळीला एक टणक उंचवटा लागतो. तो बहुधा मानेचा सातवा मणका. मानेत सात मणके, पाठीला बरगड्या जोडलेले बारा, कमरेत पाच, त्याखाली पाच एकजीव झालेले आणि शेवटी माकडहाड. प्रत्येक मणक्याला मागच्या बाजूने एक कडं असतं. ही कडी एकावर एक रचली की नळी तयार होते, आणि या नळीतून मेंदूतून निघालेला मज्जारज्जू खाली येतो. जाडीला करंगळीएवढा, मऊपणाला पिकलेल्या केळ्यासारखा. मानेत ही नळी जेमतेम दीड-पावणेदोन सेंटिमीटर असते. मणका जरासा सरकला तरी रज्जूला पळायला जागा नाही.

रज्जू पार खालपर्यंत जात नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नळीत उरतो तो नसांचा झुपका, घोड्याच्या शेपटासारखा. मज्जारज्जूतून दोन्ही बाजूंना मिळून नसांच्या एकतीस जोड्या बाहेर पडतात आणि कुठल्या जोडीने काय हलतं ते ठरलेलं आहे. मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या जोडीवर श्वासाचा पडदा चालतो. पाचवी-सहावी कोपर वाकवते, सातवी ते सरळ करते, आठवी मूठ आवळते. बेंबीपाशी स्पर्श कळतो तो पाठीच्या दहाव्या जोडीमुळे. पायाचा अंगठा वर उचलणं कमरेच्या पाचवीकडे, आणि लघवी-संडासचा ताबा अगदी खालच्या, माकडहाडाजवळच्या जोड्यांकडे. म्हणूनच आम्ही रुग्णाला अंगठा हलव, मूठ आवळ, इथे टोचतंय का, असं एकेक विचारत जातो. कुठून खाली बंद पडलंय ते त्यावरून कळतं. मार जितका वर, तितकं जास्त जातं. मानेत अगदी वर बसला तर श्वासच थांबतो.

हातापायातली नस दुखावली तर ती पुन्हा वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. दंडाच्या मधोमध लाठी बसून मनगट लोंबकळायला लागलेली माणसं मी पाहिलीत. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या डोक्याशी फटका बसून पाऊल घसटत चालणारीही पाहिलीत. त्यातली बरीच काही महिन्यांत सुधारतात. मज्जारज्जूचं तसं नाही. तिथला तुटलेला धागा आपोआप जोडला जात नाही, आणि आज जगात कुठल्याही औषधाने तो जोडता येत नाही. खात्रीने जोडून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका.

पण एक आशेची बाजू आहे, आणि ती तुमच्या हातात आहे. पहिल्या फटक्याला रज्जू सहसा पूर्ण तुटत नाही. तो चेचला जातो, दबतो. खरं नुकसान पुढच्या तासांत वाढत जातं. सूज चढते, रक्त पोचत नाही, सरकलेलं हाड प्रत्येक हिसक्याला पुन्हा रुततं. या तासांत त्या माणसाला कोण हात लावतं, कसा लावतं, यावर त्याचं उरलेलं आयुष्य ठरू शकतं. थोडंसं जरी वाचलं, एक मूठ जरी आवळता आली, तरी तो स्वतःच्या हाताने जेवतो. आमच्या वॉर्डात त्या एका मुठीची किंमत लोकांना माहीत आहे.

लाठी पाठीवर बसली म्हणजे मणका मोडलाच, असं समजून घाबरू नका. पाठीवरचा बहुतेक मार स्नायूंवर आणि मणक्यांच्या बाहेरच्या टोकांवर जातो. ते भयंकर दुखतं, पण रज्जू शाबूत असतो. जास्त भीती पडण्याची असते. स्टेजवरून पडणं, गटारीत उलटं पडणं, चेंगराचेंगरीत अंगावर माणसं पडणं, मानगूट धरून ओढलं जाणं. आणि म्हाताऱ्या माणसांची तर फारच काळजी घ्या. साठीच्या पुढे मानेतली नळी आधीच अरुंद झालेली असते. आजोबा कपाळावर पडतात, मान मागे झटकली जाते, एक्सरेत हाड मोडलेलं दिसतही नाही. ते उठून चालतातसुद्धा, म्हणून लोक म्हणतात काही झालं नाही. मग कुणीतरी पाणी देतं आणि भांडं त्यांच्या हातातून निसटतं. या प्रकारात पायांपेक्षा हात जास्त जातात. भांडं निसटलं की ताबडतोब आडवं झोपवा आणि दवाखान्यात न्या.

माणूस पडला की गर्दीतून एकच आवाज येतो, "उचला, उचला!" तो आवाज पहिल्यांदा थांबवा. त्याच्या डोक्यामागे गुडघे टेकून बसा, कोपरं जमिनीला टेकवा आणि दोन्ही तळव्यांनी डोकं दोन्हीकडून धरा. कान उघडे राहू द्या, त्याला ऐकू यायला हवं. ओढू नका, वळवू नका. मान वाकडी असेल आणि सरळ करताना दुखत असेल, तर आहे तशीच धरून ठेवा. मग त्याच्याशी बोला. नाव काय, कुठे दुखतंय, मुंग्या येताहेत का, पायाची बोटं हलव. छाती हलत नाही आणि नुसतं पोट वर-खाली होतंय, असं दिसलं तर मार मानेत आहे असं धरून चाला. पाणी देऊ नका, उशी देऊ नका, उठवून बसवू तर अजिबात नका. डोकं धरणाऱ्याचे हात अवघडले की दोन्ही बाजूंना चपला किंवा गुंडाळलेले टॉवेल लावा, पण हात सोडू नका.

श्वासच चालू नसेल तर मानेचा विचार बाजूला ठेवा आणि आधी छाती दाबायला घ्या. आग असेल, गर्दी अंगावर येत असेल किंवा अश्रुधूर दाटला असेल, तर हलवावंच लागेल. अश्रुधूर हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसतो आणि जमिनीवर पडलेल्याच्या नाकातोंडात जास्त जातो. अशा वेळी त्याचे खांद्याजवळचे कपडे मुठीत धरा, डोकं तुमच्या दोन्ही मनगटांच्या मधे आधाराला घ्या आणि अंगाच्या रेषेत सरळ मागे ओढा. बाजूला ओढू नका, उचलू नका.

ओकारी झाली तर तोंड एकट्याने फिरवू नका, सगळं अंग एकदम कुशीवर घ्या. त्याला चार-पाच माणसं लागतात. एक डोक्याशी, बाकीची एका बाजूला खांदा, कंबर, गुडघ्यांशी. डोक्याशी बसलेला मोजतो आणि त्याच्या आकड्यावर सगळे एकदम वळवतात, लाकडाचा ओंडका वळवावा तसं. याच पद्धतीने खाली फळी सरकवायची. मंडपात फळ्या असतातच, स्टेजच्या असतात, प्लायच्या असतात. घराचं दारही चालतं. बाज चालत नाही, ती मधे झोळ खाते. चादरीची झोळीही नको. आणि मोटारसायकल तर कधीच नको. १०८ ला फोन करा आणि मणक्याला मार असल्याची शंका आहे, असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते तयारीने येतात. वीस मिनिटं थांबावं लागलं तर थांबा. रक्त वाहत असेल तर तेवढं दाबून धरा, कारण रक्त कमी झालं की रज्जूलाही कमी पोचतं.

एक बारीक गोष्ट, जी कुणीच करत नाही. त्याच्या मागच्या खिशात हात घालून किल्ल्या, मोबाइल, पाकीट काढून घ्या. ज्याला कमरेखाली काही कळत नाही त्याला किल्ली टोचत असल्याचंही कळत नाही. दोन-अडीच तासांत तिथे कातडी मरायला लागते, आणि तेवढ्याशा ठिकाणी झालेली जखम भरायला कधी कधी वर्ष लागतं. उन्हात तापलेल्या डांबरावर पडला असेल तर अंगाखाली काहीतरी सरकवा. त्याला चटका कळणार नाही.

दवाखान्यात पोचल्यावर पोलीस केस आहे म्हणून कुणी आधी ठाण्यात जा म्हणालं, तर ऐकू नका. जखमी कुणीही असो, उपचार आधी आणि कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलंय. डॉक्टरांना विनंती करा की हातापायांची ताकद, कुठपर्यंत कळतंय, लघवी कधी झाली, हे सगळं वेळेसकट लिहून ठेवा. उद्या कोर्टात आणि परवा माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टसमोर, दोन्हीकडे तो कागद लागतो.

घरी गेलेल्यांनीही दोन दिवस स्वतःवर लक्ष ठेवावं. लघवी साचूनही होत नसेल, मांड्यांच्या मधला, सायकलच्या सीटवर टेकणारा भाग बधिर झाला असेल, तर खालच्या नसांचा झुपका दबलाय. त्याच रात्री निघा, तासांवर गणित असतं. आणि खूप मार खाल्ल्यानंतर लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली तर तो रंग ठेचलेल्या स्नायूंमधून येतो आणि मूत्रपिंड बंद पाडू शकतो, तेव्हाही लगेच निघा. गरम तेल, शेक, रगडून मालीश हे सगळं डॉक्टरांनी पाहेपर्यंत बाजूला राहू द्या. दुखऱ्या मानेला झटका देऊन नस मोकळी करणाऱ्याकडे तर जाऊच नका.

पोलीस बंधुभगिनींनो, तुमच्यातलेही आमच्याकडे येतात. दगड लागलेले, ट्रकमधून उडी मारताना कंबर मोडलेले. तुम्हालाही डोकं, मान, पाठीचा कणा टाळून मारा, असंच शिकवलेलं असतं. माझी विनवणी त्याहून थोडी पुढची आहे. पळणाऱ्याच्या पाठीवर मारू नका, पळणारा तुमचं म्हणणं ऐकतच असतो. स्टेजवर उभ्या माणसाला खाली ओढू नका. झोपलेल्यांचा मंडप रात्री उठवू नका, आणि उठवायचाच आदेश असेल तर आधी वाट मोकळी करा, दिवे लावा, म्हाताऱ्यांना निघायला वेळ द्या. आणि पकडलेला माणूस पाय बधिर झाले म्हणाला, तर तो नाटक करतोय असं ठरवायचं काम तुमचं नाही. त्याला चालवू नका, दोघांनी धरून गाडीत कोंबू नका. अटकेतल्या माणसाची वैद्यकीय तपासणी करणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये लिहिलेलं आहे. अटकेच्या वेळी असलेल्या जखमांची नोंद करायची, हे १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून तुम्हालाही ठाऊक आहे. ती नोंद तुमचाही बचाव करते.

मंडप घालणाऱ्यांनो, तुमच्याशी मात्र थोडं कडक बोलते. माणसं जमवताना भाकरी आणि पाण्याचा हिशोब तुम्ही करता, तसाच बाहेर पडायच्या वाटांचा करा. म्हातारी, लेकुरवाळी माणसं मंडपाच्या पोटात बसवू नका, वाटेजवळ बसवा. तणाव्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, म्हणजे रात्री दिसतील. तो मुलगा तणाव्यातच अडकला होता. स्टेज कमरेपेक्षा उंच नको. "हटायचं नाही, काय व्हायचं ते होऊ दे" असं माइकवरून ओरडण्याआधी पुढे कोण बसलंय ते पाहा.

तो मुलगा आता एकतीस वर्षांचा आहे. दर दोन तासांनी आईने कुशीवर वळवायचे दिवस संपले, आता तो स्वतःच्या हाताने अंग उचलतो, खुर्चीत बसतो, दिवसातून पाच वेळा नळी घालून लघवी काढतो. डाव्या हाताची मूठ आवळते, उजव्याची नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या गावात पुन्हा मंडप पडला. त्याने मला फोन करून बोलावलं आणि दुपारी भाषणं थांबवून सगळ्यांना सतरंजीवर जमवलं. एक पोरगा आडवा झाला, चौघं बाजूला बसली. डोक्याशी बसला तो त्याचा मित्र, काखेतून उचलणारा. पहिल्या खेपेला कुणीतरी घाईत कंबर आधी ओढली. मित्राने सगळ्यांना हात काढायला लावले, कोपरं पुन्हा जमिनीला टेकवली आणि म्हणाला, "मी तीन म्हणेपर्यंत कुणी हलवायचं नाही."